एकशे आठ घागरी आणि बंद ब्लोअर



मागल्या महिन्यात तुम्ही मोर्चा आणला. निळे झेंडे, डफडं, पुढं बाया, मागं पोट्टे. घोषणा होती, 'प्लँट हटाव, वस्ती बचाव'. तुम्ही गेटाच्या बाहेर होते, मी आत. निम्म्यांनी मला ओळखलं आणि नजर चुकवली. एक जण ओळखूनच ओरडला, "दलाल!" तो माझ्या मावसभावाचा पोरगा. त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत, अगदी खरोखर.

त्या दिवशी मला बोलता आलं नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर बाजूलाच उभा होता. म्हणून आता लिहितो. माझं नाव छापू नका, गावाचंही नको. वाशिम जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं बस. ठेकेदाराला कळेलच कोणी लिहिलं ते. पण त्याला ते सिद्ध करावं लागेल, आणि त्यासाठी आधी वाचावं लागेल.

मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर आहे. ठेक्यावर. गावाच्या बाहेर, आपल्या वस्तीला लागून, नाल्याच्या काठी चार टाक्या, दोन ब्लोअर, एक पत्र्याची खोली, एक जनरेटर. जनरेटरात डिझेल नसतं. आपल्या पोरांच्या कवितांत गटार फार वाहते. दर दुसऱ्या ओळीला गटार, तिसऱ्या ओळीला उकिरडा. मी वाचतो, माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढंच, की तुमची जी प्रतिमा आहे ती माझी रात्रपाळी आहे. आणि प्रतिमा साफ करायला कोणाला उतरावं लागत नाही.

काम सांगतो, कारण मोर्च्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. गावाचं घाण पाणी आमच्याकडं येतं. पहिल्यांदा जाळी. जाळीत चिंध्या, पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, बायांचे पॅड, लग्नसराईत प्लॅस्टिकचे द्रोण, एकदा देवाची तसबीर. ते सगळं दाताळ्यानं ओढायचं. मग वाळू बसते. मग पाणी हवेच्या टाकीत. टाकीच्या तळाला नळ्या असतात, त्यांतून ब्लोअर हवा फुंकतो, आणि त्या हवेवर कोट्यवधी जिवाणू जगतात. घाण खायचं काम ते करतात, आम्ही त्यांचे फक्त सालदार. पुढच्या टाकीत पाणी निवळतं, गाळ तळाशी बसतो. थोडा गाळ परत हवेच्या टाकीत पाठवायचा, विरजण ठेवतात तसा. उरलेला वाफ्यावर वाळवायचा. शेवटी क्लोरीन. बाहेर पडतं ते पाणी प्यायचं नसतं, पण ते नदीचा जीव घेत नाही. त्या यंत्राचं वचन एवढंच आहे.

पण त्या जिवाणूंना हवा लागते, चोवीस तास. ब्लोअर काही तास थांबला की ते गुदमरतात, आणि बिनहवेवर जगणारे दुसरे जिवाणू माजतात. मग सडक्या अंड्याचा वास सुटतो. हायड्रोजन सल्फाइड म्हणतात त्याला. तुम्ही नाकाला रुमाल लावून ज्याच्या विरोधात घोषणा देत होते तो वास चालू प्लँटचा नव्हता. बंद प्लँटचा होता.

ब्लोअर काहून बंद? वीजबिल. या असल्या लहान केंद्राच्या खर्चात सगळ्यात मोठा घास विजेचा, आणि विजेतला सगळ्यात मोठा घास ब्लोअरचा. ठेकेदाराला महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात. ब्लोअर जितका कमी फिरेल तितकं त्याच्या खिशात उरतं. म्हणून रात्री अकराला फोन येतो, "बंद कर." सकाळी आठला फोन, "चालू कर, साहेब येणार हाय." आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, 'ब्लोअर क्र. १ — २४ तास'. ते मी लिहितो. माझ्या अक्षरात. आपल्या वस्तीत माझं अक्षर चांगलं म्हणून शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो.

म्हणजे 'दलाल' अगदीच चुकीचं नाही. पण त्या पोट्ट्यानं ते चुकीच्या कारणासाठी म्हटलं.

आता माझी आत्या. तिचं गाव नाल्याच्या खालच्या अंगाला, जिथं नाला नदीला मिळतो त्याच्या पुढं. उन्हाळ्यात तिथल्या आपल्या वस्तीतल्या बाया नदीच्या वाळूत झिरा खोदतात. गावाच्या टाकीचं पाणी आधी गावात फिरतं, मग उरलं तर वस्तीत. चैत्रात उरत नाही. मी भेटायला गेलो तर आत्यानं लोटा पुढं केला, आणि मी तो हातात धरून बसलो. ती म्हणाली, "बाबू, तू तथीसा पाणी साफ करतं ना? मंग अथीसा वास काहून येते?"

मला उत्तर माहीत होतं. मी पाणी प्यालो आणि म्हटलं, "उन्हाळा हाय ना आत्या."

दोस्तहो, तुमच्या मोर्च्यावर माझा राग का आहे ते आता सांगतो. 'प्लँट हटाव' झालं असतं तर काय झालं असतं? मुख्याधिकाऱ्यांनी निवेदन घेतलं असतं, फोटो काढला असता, आणि ते मनातून खूश झाले असते. प्लँट बंद म्हणजे वीजबिल बंद, ठेका बंद, कटकट बंद. नाला सरळ नदीत. वास आपल्या वस्तीतून उठून आत्याच्या वस्तीत गेला असता. तिथंही आपलेच लोक. तिथं मोर्चा निघाला असता तर अजून खालच्या गावात. आपल्या अंगावरची घाण आपल्यापेक्षा खालच्याच्या अंगावर ढकलायची आणि वर 'बचाव' म्हणायचं, याला या देशात फार जुनं नाव आहे. ते नाव जात आहे. चार पायऱ्यांची उतरंड बाबासाहेबांनी आपल्याला समजावून सांगितली आणि आपण पाचवी पायरी खोदायला निघालो.

तुम्ही म्हणाल, प्लँट आपल्याच वस्तीजवळ का? बरोबर प्रश्न. मी तो इंजिनिअरला विचारला होता. तो भला माणूस, हसून म्हणाला, "पाणी उतारानं येतं, उताराला जात नसते." उतार खराच आहे. पाणी उपसून वर चढवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते, म्हणून असली केंद्रं गावाच्या सगळ्यात खालच्या टोकाला बांधतात. मान्य. पण त्या खालच्या टोकाला आपल्याला कोणी बसवलं? गावानं पांढरी स्वतः घेतली, आणि जिथं पावसाळ्यात गावाची धुणवणी येते तिथं महारवाडा, मांगवाडा टाकला. इंजिनिअर म्हणतो मी जात पाहिली नाही. त्याला पाहायची गरजच नव्हती, त्याच्या बापजाद्यांनी आधीच पाहून ठेवली होती.

आणि जागेच्या ठरावावर आपल्याही नगरसेवकाची सही आहे. बदल्यात समाजमंदिराला शेड मिळालं. शेड चांगलं आहे. त्याच शेडात तुमच्या मोर्च्याची बैठक झाली.

आता थोडं शुद्धीबद्दल. कारण हा सगळा मामला शुद्ध-अशुद्धाचा आहे, आणि त्या बाबतीत आपण अजून त्यांचीच भाषा बोलतो.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर काय झालं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ चा, त्यावर महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागदावर तळं खुलं होतं. बाबासाहेब आणि हजारो माणसं गेली, ओंजळीनं पाणी प्याली. नंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी काढलं, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र कालवलं, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतलं.

मी ऑपरेटर आहे, म्हणून त्या घागरींचा हिशेब माझ्या पद्धतीनं करतो. पाण्यात किती घाण आहे हे मोजायला बीओडी नावाचं माप आहे. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू ओढून घेतात, ते मोजायचं. आपल्याकडं नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि किती प्राणवायू संपला ते पाहतात. आकडा जितका मोठा तितकी घाण जास्त. गावाच्या गटाराचा बीओडी लिटरमागं दोनशे-तीनशे मिलिग्रॅम येतो. शेणाच्या काल्याचा हजारोंत जातो. आणि दुधाचा? लाखाच्या घरात. म्हणून तर दूधडेअरीच्या सांडपाण्याला सगळे प्लँटवाले घाबरतात. थोडक्यात, ओंजळीनं पाणी पिणाऱ्यांनी चवदार तळ्याचं काही बिघडवलं नव्हतं. गटारापेक्षा घाण माल तळ्यात ओतला तो शुद्ध करणाऱ्यांनी. महाडला प्रयोगशाळा असती तर 'शुद्धीकरणा'नंतरच्या नमुन्याचा आकडा वर गेलेला दिसला असता. पुढं तळं आमच्या मालकीचं म्हणून ते कोर्टात गेले, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात हरले. पण प्राणवायूच्या हिशेबानं ते दहा वर्षं आधीच हरलेले होते.

हा एकशे आठचा आकडा आमच्या वाशिमलाही सोडत नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. त्याचं माहात्म्य सांगणारे सांगतात की इथं एकशे आठ तीर्थं होती. हेच वत्सगुल्म वाकाटकांची राजधानी. त्या घराण्यातल्या हरिषेणाच्या मंत्र्यानं, वराहदेवानं, अजिंठ्याचं सोळावं लेणं भिक्षुसंघाला दिलं. शेजारच्या सतराव्या लेण्यातल्या लेखात पाण्याचं टाकं खोदल्याची नोंद आहे. आपल्या लेण्यांतून कुठंही जा, खोल्यांच्या बाजूला पाण्याची पोढी असतेच. तिथं पाणी दान होतं. इथं पाणी तीर्थ झालं, आणि तीर्थ झालं की त्याच्या काठावर राखणदार बसतो.

आणि तिसरा एकशे आठ ऐका, हा सरकारी. भुयारी गटार असलेल्या गावात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असं सरकारी माप आहे, आणि त्यातलं ऐंशी टक्के गटारात येतं असं धरतात. १३५ चे ऐंशी टक्के करून पाहा. १०८ लिटर. प्रत्येक माणूस, मग तो पुजारी असो की तुम्ही, रोज एकशे आठ लिटर अशुद्धी नाल्यात सोडतो असं सरकार मानतं. आता आपल्या वस्तीत १३५ लिटर कोणाला मिळतं ते सोडा. नळ कितव्या दिवशी येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. घाण वरच्या आळीची जास्त, कारण पाणी तिकडं जास्त. वास मात्र आपल्याकडं.

आता नदीकडं या. 'नदी आई आहे' म्हणून सगळीकडं आरत्या सुरू झाल्या आहेत. आईच्या तोंडात गटार सोडायचं आणि पायावर फुलं वाहायची. असो. मला त्या आईचं अंग माहीत आहे. आपल्या जिल्ह्याच्या नद्या पावसाच्या पाण्यावरच्या. काळी माती, खाली काळा कातळ, वर डोंगर बोडके. दिवाळी सरली की धार बारीक होते, होळीनंतर डबकी. मग नदीत जे वाहतं ते काय असतं? गावाचा नाला. चैत्र-वैशाखात आपल्याकडं नाला नदीला मिळत नाही, नालाच नदी असतो.

म्हणून आकड्यांतला कावा समजून घ्या. आंघोळीला चालेल अशा नदीचा बीओडी ३ किंवा त्याच्या आत असावा, असं माप आहे. आणि केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१७ मध्ये असल्या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला हद्द घालून दिली, महानगरांना २० आणि बाकीच्या गावांना ३०. म्हणजे त्यांच्या नदीला २० चं पाणी, आपल्या नदीला ३० चं. हॉटेलात वेगळा कप ठेवायचे ते आठवतं? तेच, फक्त नळीनं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं या ढिलाईला हरकत घेतली आणि कडक माप सांगितलं, ती गोष्ट आमच्या खोलीतल्या भिंतीवर अजून पोचलेली नाही. तिथं ३० च लिहिलेलं आहे. बरं, ३० धरू. ३० चं पाणी एक लोटा आणि वरून आलेलं चोख पाणी नऊ लोटे मिसळले तर नदी ३ वर येईल. नऊ लोटे. चैत्रात आमच्या नदीत वरून एक चूळही येत नाही. मग ३० ची ३० च आत्याच्या झिऱ्याला. आणि ती ३० सुद्धा ब्लोअर चालला तर.

हे पाणी जातं कुठं? जिल्हा दोन्हीकडं उतरतो. काटेपूर्णेचं पाणी उत्तरेला, महानच्या धरणात, तिथून अकोला शहराच्या नळाला, आणि नदी पुढं पूर्णा-तापीवाटे पश्चिमेच्या समुद्राला. बाकीचं बरंचसं पैनगंगेच्या खोऱ्यात. पैनगंगेवर खाली इसापूरचं धरण, त्याच्या कालव्यांवर मराठवाड्यातली रानं, मग वर्धा, मग गोदावरी, मग पूर्वेचा समुद्र. एका लहानशा मागास जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. सरकारनं २०१८ मध्ये वाशिमला 'आकांक्षित जिल्हा' म्हटलं. आकांक्षा कोणाची आणि कशाची, हे मात्र सांगितलं नाही.

आणि हे एका गावाचं रडगाणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा हिशेब आहे. देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलपाणी निघतं. प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६. शंभरातले अठ्ठावीस. बहात्तर लिटर कोणाच्या तरी आत्याकडं जातात. त्याच मंडळानं २०१८ मध्ये देशातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात. सगळ्या राज्यांत पहिला नंबर. पुरोगामी महाराष्ट्र!

आता जे लिहायला जीव होत नाही ते लिहितो.

गेल्या ज्येष्ठात, पहिल्या पावसाच्या आधी, संपमधला पंप अडकला. संप म्हणजे जमिनीत खोल विहीर, सगळं पाणी आधी तिथं येतं. चिंध्या पंपाच्या पात्याला गुंडाळल्या होत्या. ब्लोअर दोन रात्री बंद, खाली सगळं सडलेलं. सुपरवायझर मला म्हणाला, "उतर." मी म्हटलं, "नाही उतरत. २०१३ चा कायदा आहे. माणसाला असं उतरवलं तर दोन वर्षं आत जासान." मोठ्या ऐटीत म्हटलं. मला वाटलं, हा आपला विद्रोह. सुपरवायझर माझ्याकडं पाहून हसला, म्हणाला, "तुम्ही जयभीमवाले लय कायदा शिकले," आणि त्यानं माझ्या जोडीदाराकडं मान वळवली.

माझा जोडीदार मेहतर मोहल्ल्यातला. त्याचा बाप सफाई कामगार होता, कायम. लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, त्याची फाईल वर्षानुवर्षं अडकलेली. (या देशात कलेक्टरच्या पोराला कलेक्टरी वारसानं मिळत नाही, झाडू मात्र मिळतो, आणि तोही मागावा लागतो.) फाईल साहेबांच्या हातात, साहेब ठेकेदाराच्या ओळखीचे. तो नाही म्हणू शकत नव्हता. कमरेला दोर बांधला आणि उतरला. मी दोर धरला होता.

उतरताना म्हणाला, "वास नाय बे, चांगलं हाय." मला तेव्हा माहीत नव्हतं. हा वायू जास्त झाला की पहिल्यांदा नाकाची नसच मारतो. वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं नाही, नाक मेलं असं समजायचं. हवेपेक्षा जड असतो, तळाशीच साचून राहतो. चौथ्या पायरीवर त्याची मान कलली. आम्ही दोघा-तिघांनी ओढून काढला. तोंडाला फेस होता. जगला. दोर नसता तर मी मागून उडी मारली असती, आणि अशा विहिरींत दुसरा माणूस असाच मरतो, पहिल्याला काढायला जाऊन. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मरणाची भरपाई ३० लाख ठरवली. २०१४ मध्ये ती १० लाख होती. जगलेल्याला काय, तर त्या दिवसाची अर्धी रोजी कापली. दुपारी कामावर नव्हता म्हणून.

आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पंप दुरुस्त केला. काम सुरळीत.' सुबक अक्षरात.

मी नकार दिला तो माझ्यापुरता. 'मी बौद्ध आहे, मी उतरत नाही' म्हणालो. 'कोणीच उतरणार नाही' म्हणालो नाही. आपण मेलेली ढोरं ओढणं सोडलं, बरं केलं, लाख वेळा बरं केलं. पण आपण सोडलेल्या कामाखाली दुसरा कोणी तरी वाकला तेव्हा आपण दोर धरून उभे होतो. तुमच्या मोर्च्यात मेहतर मोहल्ल्यातलं एक तरी पोरगं होतं का? मी मोजत होतो. नव्हतं. मांगवाड्यातले चार. त्यांना झेंडा धरायला दिला होता.

म्हणून माझं म्हणणं उलटं आहे. प्लँट हटवू नका. प्लँट चालवायला लावा. ब्लोअर चोवीस तास, जनरेटरात डिझेल, पंप वर उचलायला साखळी-कप्पी, म्हणजे कोणी खाली उतरणारच नाही. ही साखळी-कप्पी एका वीजबिलापेक्षा महाग नाही. आणि रजिस्टर लोकांसमोर. तुम्हाला हे घोषणेसारखं वाटत नसेल. डफड्यावर बसत नाही, मला ठाऊक आहे. पण बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते तेव्हा दामोदर खोऱ्याचे, महानदीचे कागद त्यांच्या टेबलावर होते, आणि केंद्रीय जलआयोगाचं मूळ १९४५ मध्ये त्यांच्याच काळात रोवलं गेलं. पुराचे आकडे, विजेचे आकडे, धरणाची उंची, हा माणूस बसून वाचत होता. आपल्याला त्यांचा पुतळा किती फुटी हवा ते पाठ आहे. आपल्याच नाल्याचा बीओडी किती, ते विचारा बरं कोणाला.

बाहेरून तुम्ही काय करू शकता तेवढं सांगतो, आतून मी काय करणार ते नंतर. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. आपण त्यात फक्त कागद मागतो. पण त्यात कामाची पाहणी करायचा हक्क आहे, आणि वस्तूचा प्रमाणित नमुना घ्यायचाही. नीट वाचा, नमुना. म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी तुम्ही हक्कानं बाटलीत मागू शकता. दहा रुपयांचा अर्ज. त्यातच वर्षभराची वीजबिलं मागा. रजिस्टर माझ्या अक्षरात खोटं बोलेल, वीजबिल बोलणार नाही. ब्लोअर किती अश्वशक्तीचा, त्याला चोवीस तासांत किती युनिट लागायला हवे आणि बिलात किती आले, हा हिशेब नववीतलं पोरगं करेल. करवून घ्या त्याच्याकडून, वस्तीत, सगळ्यांसमोर, फळ्यावर.

आतून मी एक सुरू केलं आहे. सोमवारपासून रजिस्टरात खरं लिहितो. 'ब्लोअर बंद, रात्री ११ ते सकाळी ८, सुपरवायझरच्या फोनवरून.' दोन पानं झाली. अजून कोणी उघडून पाहिलेलं नाही. पाहतील तेव्हा माझी पाळी जाईल, आणि तेव्हा तुम्ही गेटावर या. या खेपेला जोडीदाराच्या मोहल्ल्यातून या, तिथून पहिले बोलावून घ्या मग इकडं या. त्याला मी विचारलं आहे. तो म्हणाला, "तुमचे लोक आमच्या घरी चहा पितात का ते पाहू आधी." मी प्यालो. तुमचं तुम्ही पाहा.

आणि २० मार्चला मिरवणूक सकाळी काढा, दुपारी वेळ ठेवा. आत्याच्या गावापासून वर नाल्यापर्यंत चालत येऊ, तीन ठिकाणी नमुने घेऊ. झिऱ्याजवळ एक, संगमाच्या खाली एक, प्लँटच्या तोंडाशी एक. काचेच्या बाटल्या आणा, बूच घट्ट बसणाऱ्या. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाही तर प्राणवायूचा आकडा चुकतो. वर जागा, तारीख, वेळ लिहायची, पेन्सिलीनं, शाई पुसते. चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला पाहिजे, तोवर बर्फात. मोटरसायकल कोणाची ते ठरवून ठेवा. बर्फाचं मी पाहतो.